राजवाडा गॉथिक, किस्से फँटॅस्टिक! पॅरिसच्या राजांच्या घरातल्या भन्नाट गोष्टी

२६ जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिकची ओपनिंग सेरेमनी. सीन नदीकाठच्या एका जुन्या इमारतीच्या खिडक्यांमध्ये उभ्या होत्या शिर नसलेल्या राण्या! गोजिरा या मेटल बँडचा कानठळ्या बसवणारा दणदणाट, भिंतींतून उसळणाऱ्या लाल फिती, लाल धूर. दुसऱ्या दिवशी जगभर चर्चा रंगली ती फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतची. पण जिच्या खिडक्यांत हा सगळा तमाशा झाला ती इमारत कोणती, माहीत आहे का?

ते होतं फ्रान्सच्या राजांचं मध्ययुगीन घर. नाव पॅले द ला सिते. पत्ता एकदम प्राइम लोकेशन: पॅरिसच्या बरोब्बर मधोमध, सीनच्या पात्रातलं बेट, शेजारी नोत्र दाम कॅथेड्रल!

आज या राजवाड्याचे तीन तुकडे दिसतात. एक, सँत शापेल हे काचेचं प्रार्थनाघर. दोन, काँसिएर्जरी, म्हणजे तळमजल्यावरची अवाढव्य दालनं आणि नदीकाठचे बुरूज. तीन, न्यायालयं. आगी, क्रांती, पूर, तुरुंग सगळं झेलून ही वास्तू उभी आहे. बांधणारे ग्रेट होतेच, पण जपणारेही तितकेच ग्रेट, हे या वास्तूच्या प्रत्येक कोपऱ्यात पटतं. चला तर मग, तिकीट न काढता आत शिरूया!

डबी स्वस्त, दागिना महाग!

राजा लुई नववा भलताच भाविक. येशूच्या डोक्यावर ठेवला गेला तो काट्यांचा मुकुट कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे आहे, अशी ख्याती होती. सम्राटाची तिजोरी मात्र रिकामी. मुकुट चक्क व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण पडला होता! १२३९ मध्ये लुईने तो सोडवून घेतला. किंमत? १,३५,००० लिव्र.

आणि हा मुकुट ठेवायला बांधलेल्या अख्ख्या सँत शापेलचा खर्च माहीत आहे का? ४०,००० लिव्र! म्हणजे दागिन्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी पैशांत दागिन्याची डबी तयार. आणि डबी कसली, गॉथिक कलेचा कळसच.

व्हीआयपी अनवाणी

मुकुट आला तेव्हा लुईने काय केलं असेल? राजवस्त्रं उतरवली, साधा अंगरखा घातला आणि अनवाणी चालत तो मुकुट स्वतः वाहून आणला. वय फक्त २५! पुढे १२९७ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केलं.

फास्ट ट्रॅक प्रोजेक्ट

सँत शापेलचा अर्पणविधी झाला २६ एप्रिल १२४८ रोजी. सगळं काम उरकलं अवघ्या काही वर्षांत. त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला नोत्र दामचं काम ११६३ पासून चालू होतं आणि अजून संपायचं नाव घेत नव्हतं. शेजाऱ्याच्या घराला प्लास्टर लागेपर्यंत याची वास्तुशांत झालीसुद्धा!

भिंत कुठे गेली?

भिंतींना कान असतात म्हणतात ना? इथे भिंतींना नुसते डोळेच डोळे! वरच्या दालनात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच पडतो: भिंत कुठेय? चहूबाजूंनी रंगीत काच. उंच उंच १५ खिडक्या, त्यातल्या लांब बाजूंच्या खिडक्यांची उंची सुमारे १५ मीटर. काचेचं एकूण क्षेत्रफळ ६०० चौरस मीटरहून जास्त.

मग छत कशावर टेकलंय? खिडक्यांच्या मधल्या सडपातळ दगडी खांबांवर, आणि बाहेरून त्यांना रेटून धरणाऱ्या जाडजूड आधारभिंतींवर. नोत्र दामला बाहेरून दगडी कमानींचे टेकू दिसतात, तसले टेकू इथे नाहीतच. जाडी सगळी बाहेर, नाजूकपणा सगळा आत!

लोखंडी सीक्रेट

थांबा, गंमत अजून संपलेली नाही. एवढी काच वाऱ्या-वादळात टिकली कशी? उत्तर आहे लोखंड. तेराव्या शतकातल्या गवंड्यांनी अख्ख्या दालनाला लोखंडी पट्ट्यांचे वेढे घातले. ते दिसत का नाहीत? कारण ते खिडक्यांच्या आडव्या गजांमध्ये बेमालूम मिसळून टाकलेत. बघणाऱ्याला वाटतं काच धरणारे गज आहेत. प्रत्यक्षात ते इमारतीचा कंबरपट्टा आहेत. स्टीलच्या गगनचुंबी इमारती यायला अजून सहाशेहून अधिक वर्षं होती, बरं का!

तेराव्या शतकातलं कॉमिक बुक

या १५ खिडक्यांत एकूण चित्रं किती? १,११३! जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात, मग बायबलमधल्या कथा एकामागून एक. वाचायचं कसं, माहीत आहे का? आत शिरल्यावर डाव्या हाताच्या खिडकीपासून सुरू करायचं आणि बहुतेक खिडक्या खालून वर वाचत जायच्या. स्क्रोल अप!

शेवटच्या खिडकीत कोणाची गोष्ट असेल? मुकुट पॅरिसला कसा आला त्याची! आणि त्या चित्रांत खुद्द लुई राजा हजर. बायबलच्या मालिकेच्या शेवटच्या एपिसोडमध्ये राजाची एन्ट्री.

आणखी एक टाळीचं वाक्य: यातली जवळपास दोन तृतीयांश काच अस्सल मध्ययुगीन आहे.

वर राजा, खाली प्रजा

सँत शापेल दुमजली आहे. वरचा मजला राजा आणि त्याच्या खास लोकांसाठी, खालचा राजवाड्याच्या नोकरचाकरांसाठी. वर उंची २० मीटरच्या पुढे, खाली जेमतेम साडेसहा-सात मीटर.

पण खालच्या मजल्याला कमी लेखू नका! छत गडद निळं, त्यावर सोनेरी लिलीची फुलं. खांब जवळून बघा: एक निळा, त्यावर फ्रान्सच्या राजघराण्याची लिली, पुढचा लाल, त्यावर सोनेरी किल्ले. हे किल्ले कुठून आले? लुईच्या आईचं माहेर कास्तील, आणि किल्ला ही त्या राज्याची खूण. राणी ब्लांश द कास्तील! बापाचं चिन्ह आणि आईचं चिन्ह, खांबाला खांब लावून. मातृदेवो भव, गॉथिक स्टाइल.

हे झगझगीत रंग आज दिसतात ते एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचे. जुन्या रंगाचे अवशेष शोधून त्यांच्या आधारावर नवा रंग चढवला गेला. दगड म्हणजे करडाच, हा आपला गैरसमज. मध्ययुग रंगीत होतं!

राजाची झरोका सीट

लुई अकरावा हा राजा प्रार्थनेला येई, पण चारचौघांत बसायला त्याला आवडत नसे. मग दक्षिणेच्या भिंतीला लागून त्याच्यासाठी छोटी खोली काढली गेली. जाळीच्या झरोक्यातून राजा सगळं बघणार, राजाला कोणी बघणार नाही. म्हणजे पाहा, इन्कॉग्निटो मोड किती जुना आहे!

शेजाऱ्याचा जीव जळला

इंग्लंडचा राजा हेन्री तिसरा याने ही वास्तू पाहिली आणि पाहतच राहिला. तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच विनोदी कवितेत तर त्याची टिंगलच केली आहे: याला सँत शापेल इतकं आवडलं की जमलं असतं तर गाड्यावर घालून लंडनला नेलं असतं!

जेवणाची पंगत, २,००० पानं

आता चला काँसिएर्जरीत. इथलं साल दे जाँ दार्म हे दालन म्हणजे गॉथिक जगातला हेवीवेट चॅम्पियन. लांबी सुमारे ६४ मीटर, रुंदी २७.५ मीटर, उंची ८.५ मीटर. युरोपात उरलेल्या मध्ययुगीन दालनांतलं हे सर्वांत मोठ्यांपैकी एक. राजा फिलिप चौथा याच्या काळात, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, हे बांधलं गेलं.

इथे चालायचं काय? जेवण! राजवाड्यात राबणाऱ्या सुमारे २,००० माणसांची उठबस इथे होई. ऊब यायला चार प्रचंड शेकोट्या.

आणि एवढे खांब का, माहीत आहे का? कारण डोक्यावर होतं आणखी एक दालन, राजाचं ग्राँद साल. खालच्या खांबांनी वरचं अख्खं वैभव खांद्यावर घेतलं होतं. १६१८ च्या आगीत वरचं दालन खाक झालं. खालचं मात्र ठणठणीत. दगडी कमानींच्या छताची हीच तर कमाल.

हे सगळं बांधून घेणारा राजाचा उजवा हात होता एंगेराँ द मारिन्यी. राजा गेला आणि वारं फिरलं. १३१५ मध्ये या मारिन्यीलाच फासावर चढवलं गेलं. वाडा उभा राहिला, पण कारभारी काही राहिला नाही!

डिनर विथ थिएटर

वरच्या ग्राँद सालमध्ये काळ्या संगमरवराचं एक भलंमोठं टेबल होतं. त्यावर राजेशाही मेजवान्या झडत. वकिलांच्या कारकुनांची नाटकंसुद्धा त्याच टेबलाच्या रंगमंचावर होत! त्या टेबलाचा एक तुकडा आज खालच्या दालनात भिंतीला लावून ठेवलाय. शोधा म्हणजे सापडेल.

याच दालनात १३७८ च्या जानेवारीत सम्राट चार्ल्स चौथा याच्यासाठी मेजवानी झाली. जेवणाच्या मध्ये करमणूक काय होती? जेरुसलेमवरच्या स्वारीचा लाइव्ह शो! दालनात चक्क एक जहाज सरकत आलं, त्यातून योद्धे उतरले आणि शिड्या लावून नकली तटबंदीवर चढले. आजचे वेडिंग प्लॅनर कुठे, हे कुठे!

चार कोपरे, चार चुली

इथलं स्वयंपाकघर बघितल्याशिवाय निघू नका. चौदाव्या शतकाच्या मध्याला, राजा जाँ दुसरा याच्या काळातलं. चौकोनी खोली, चारही कोपऱ्यांत चार अजस्र चुली. इतक्या मोठ्या की माणूस सहज आत उभा राहील.

आता जरा वर बघा. चुलीवरच्या दगडी धुराड्याचा भार कुठे जातो? त्याला छोट्या दगडी कमानींचे टेकू दिलेत. एक टोक धुराड्याला, दुसरं समोरच्या खांबाला. कॅथेड्रल बांधणाऱ्यांची विद्या थेट चुलीपर्यंत पोचली. याला म्हणतात घरगुती इंजिनिअरिंग.

पॅरिसची वेळ इथून सुरू

किती वाजले? हा प्रश्न अख्ख्या पॅरिसला एका नजरेत सोडवता आला तो इथे! राजवाड्याच्या कोपऱ्यावरच्या ४७ मीटर उंच घड्याळाच्या बुरुजावर १३७० च्या सुमारास शहरातलं पहिलं सार्वजनिक घड्याळ बसलं. राजा चार्ल्स पाचवा, कारागीर आँरी द व्हिक. राजाने शहरातल्या चर्चना हुकूम सोडला: घंटा वाजवायच्या त्या माझ्या घड्याळाच्या वेळेने. स्टँडर्ड टाइम, राजाच्या सहीने.

भोवतीची देखणी सजावट १५८५ ची, शिल्पकार जेर्मां पिलों. दोन्ही बाजूंना कायदा आणि न्याय यांच्या मूर्ती. २०१२ मध्ये या घड्याळाचं नूतनीकरण झालं आणि निळा-सोनेरी रंग पुन्हा झळकायला लागला. वेळ बदलली की रंगही खुलतो.

राजा गेला, रखवालदार राहिला

मग राजे हे घर सोडून का गेले? कारण थरारक आहे. २२ फेब्रुवारी १३५८. एतिएन मार्सेल या पुढाऱ्याच्या मागून जमाव राजवाड्यात घुसला. राजपुत्र चार्ल्सच्या डोळ्यांदेखत त्याच्या दोन सेनानींचा खून झाला. हाच राजपुत्र पुढे राजा झाला आणि त्याने सरळ मुक्काम हलवला. मागे उरली कचेरी, न्यायालय आणि वाड्याची देखरेख करणारा अधिकारी, काँसिएर्ज. पुढे कैदीही त्याच्याच ताब्यात आले आणि राजवाड्याचा झाला तुरुंग.

७६ दिवसांची राणी

राजाच्याच घरात राणी कैदेत! २ ऑगस्ट १७९३ रोजी मारी आंत्वानेतला इथे आणलं. १६ ऑक्टोबरला गिलोटिन. मध्ये ७६ दिवस. तिच्या कोठडीच्या जागी राजेशाही परतल्यावर स्मरण-प्रार्थनाघर केलं गेलं. फ्रेंच क्रांतीच्या काळात मृत्युदंडाची शिक्षा झालेले अडीच हजारांहून अधिक लोक इथून वधस्तंभाकडे गेले. त्यांत राणीही होती आणि तिच्या बाजूच्यांना धाडणारा क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएरही. इथे येताना पावलं जरा हळू पडतात, आणि पडायलाच हवीत.

पायऱ्या उतरा, शतकं उतरा

राजवाडा खचला की काय, असं आत शिरताना वाटतं. कारण दालनात जायला खाली उतरावं लागतं. खचलेला नाही हो! पॅरिसचे रस्ते आणि नदीकाठचे धक्केच वर वर चढत गेले. पूर्वी सीनचं पाणी थेट बुरुजांच्या पायाशी खेळायचं.

आणि पाणी अधूनमधून भेटीलाही येतं. १९१० च्या महापुराची रेषा आतल्या खांबावर नोंदवून ठेवली आहे. तिच्या शेजारी उभं राहिलं की कळतं, पाणी किती धीट होतं.

टॉवरची हाइट वाढली!

नदीकाठचा बॉनबेक बुरूज मूळचा भावंडांपेक्षा बुटका. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करताना त्याच्यावर एक मजला चढवला आणि सगळे बुरूज कसे उंचीने एकमेकांना शोभेसे झाले.

सँत शापेलच्या कळसाची तर कहाणीच निराळी. आज दिसतो तो पाचवा! एक १६३० च्या आगीत गेला, एक क्रांतीच्या धामधुमीत. आत्ताचा देवदारी लाकडाचा, ३३ मीटर उंच, उभा राहिला १८५० च्या दशकात, वास्तुकार लास्युसच्या हातून. पडा, पुन्हा उठा, पाच वेळा!

पिठाचं गोदाम, फायलींचं कपाट

क्रांतीनंतर या काचमहालाचं काय झालं, माहीत आहे का? आधी झालं पिठाचं गोदाम. मग न्यायालयाच्या फायलींचं दफ्तर! लाकडी कपाटं लावायला खिडक्यांचा खालचा सुमारे दोन मीटरचा भाग बंद केला, तिथल्या काचा काढल्या.

मग १८४० पासून दोन दशकांहून अधिक काळ जीर्णोद्धार चालला. द्युबाँ, लास्युस, आणि पुढे नोत्र दाममुळे गाजलेला व्हियोले-ल-द्युक, असे एकापेक्षा एक वास्तुकार. तुटकी चित्रं जोडली, नवी काच जुन्यासारखी रंगवली, कपाटं गेली, उजेड आला. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या उठावातल्या आगीत आजूबाजूचं न्यायालय जळालं. सँत शापेल वाचलं. दुसऱ्या महायुद्धात काचा उतरवून सुरक्षित जागी ठेवल्या होत्या.

सगळ्यांत ताजा अध्याय २००८ ते २०१५. धूर-धूळ-काजळी लेझरने साफ! शिवाय खिडक्यांना बाहेरून दुसऱ्या काचेचं कवच. जुन्या काचेला नवं स्क्रीन गार्ड.

सहाशे वर्षांपूर्वीचा 'फोटो'

हा वाडा तेव्हा कसा दिसायचा? बेरीच्या ड्यूकच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पंधराव्या शतकातल्या सचित्र प्रार्थनापोथीत जून महिन्याचं पान उघडा. समोर कुरणात गवत कापणारी, गोळा करणारी माणसं. मागे राजवाड्याची छपरं, आणि उजवीकडे सँत शापेल. हेच ते, लगेच ओळखू येतं!

आणि आत? काँसिएर्जरीत हातात हिस्टोपॅड नावाचा टॅब मिळतो. रिकाम्या दालनात तो धरा, की स्क्रीनवर मध्ययुगीन टेबलं, कापडं, ताटं हजर.

मुंबईचं नातं

टोकदार कमानी, दगडात कोरलेले प्राणी, रंगीत काचा. ओळखीचं वाटतंय ना? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि राजाबाई टॉवर एकोणिसाव्या शतकात याच गॉथिक शैलीच्या नव्या लाटेवर स्वार होऊन आले. टॉवरचा आराखडा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट तर मुंबईत कधी आलेच नाहीत, डिझाइन लंडनहून!

आणि योगायोग पाहा: सँत शापेलच्या काचांचं काम संपलं २०१५ मध्ये, राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीचं संवर्धनही पूर्ण झालं २०१५ मध्येच. दोन शहरं, एकच ध्यास.

जाता जाता, पाच टिप्स

एक: सँत शापेल न्यायालयाच्या आवारात आहे, त्यामुळे विमानतळासारखी तपासणी होते. चाकू-कात्री हॉटेलवरच ठेवा.

दोन: ऊन असलेला दिवस निवडा. ढग आले की काचा झोपतात, ऊन पडलं की नाचतात.

तीन: छोटी दुर्बीण न्या. वरची चित्रं नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत.

चार: दोन्ही वास्तूंचं संयुक्त तिकीट मिळतं. काच पाहून दालन चुकवू नका.

पाच: काट्यांचा मुकुट इथे शोधू नका. तो पुढे नोत्र दामला गेला, २०१९ च्या आगीतून वाचला आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत तिथे विराजमान झाला.

युरोप टूरच्या घाईत पॅरिसच्या वाट्याला येतात जेमतेम दीड-दोन दिवस, आणि आयफेलपुढे फोटो काढता काढता तेही उडून जातात. या वेळी त्यातले तीन तास या राजवाड्याच्या नावाने राखून ठेवा, आणि टूर मॅनेजरला आधीच सांगून ठेवा. आठशे वर्षं माणसांनी जिवापाड जपलेली गोष्ट आहे. आपण निदान नीट बघून तरी यायला हवं!